कट्टा सापडला, पण आला कुठून? फिर्याद वाचायची रीत

कराडला किंवा मिरजेत गावठी कट्टा, म्हणजे देशी बनावटीचं पिस्तूल, पकडल्याची बातमी चार ओळींत आटोपते: सापळा, आरोपी, एक पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं. हत्यार जिल्ह्यात आलं कसं, हे त्यात नसतं. ते शोधायचं तर आधी एफआयआर काढा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं, तारीख टाकून बघा.

कलमं वाचा. नुसतं हत्यार बाळगल्याचं, शस्त्र कायद्याचं कलम ३/२५ असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा २ ते ५ वर्षं. विक्री लावली असेल तर किमान ७ वर्षं, तस्करी लावली असेल तर किमान १०; कमाल दोन्हींत जन्मठेप. फक्त पहिलं कलम दिसलं, तर तपास अजून पकडलेल्या माणसापाशीच आहे असं समजा.

मग मुद्देमालाचं वर्णन. पिस्तुलावर 'मेड इन यूएसए' कोरलेलं असलं तरी भुलू नका. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, चोपडा तालुक्याला लागून असलेल्या उमर्टीसारख्या गावांत घडवलेल्या मालावरही तसे ठसे मारतात. अमेरिकेत राज्यांच्या सीमा ओलांडणारी बंदूक बहुधा दुकानातून नंबरासकट निघते, म्हणून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत माग काढता येतो. आपला कट्टा जन्मतःच बेकायदा. नंबर नाही, नोंद नाही.

काडतूस मात्र बोलतं. त्याच्या बुडावर 'केएफ' आणि ७.६५ किंवा ८ एमएम असं असेल, तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. म्हणजे पिस्तूल परराज्यातलं आणि गोळी पुण्याची! अशी गोळी परवान्यावरच विकली जाते, विक्रेत्याच्या नोंदवहीत संख्या चढते. ती कुणाच्या परवान्यावरून निसटली, हे तपास अधिकाऱ्याला जरूर विचारा. हा प्रश्न फार कमी जण विचारतात.

पुढे रिमांडचा अर्ज बघा. 'अनोळखी इसमाकडून घेतले' एवढंच असेल तर धागा तुटला. पोलिसांपुढे आरोपीनं विक्रेत्याचं नाव घेतलं तरी तेवढ्यावर कोर्टात भागत नाही. सोबत कॉल डिटेल्स, यूपीआयचे व्यवहार, लॉजची नोंद लागते. परराज्यात पथक पाठवायला कोठडी मागितली आहे का, ते पाहा.

दोषारोपपत्र आल्यावर दोन कागद तपासा: हत्यार चालू स्थितीत असल्याचा बॅलिस्टिक अहवाल आणि शस्त्र कायद्याच्या कलम ३९ खाली खटला भरायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. मंजुरी नसली किंवा खटला सुरू झाल्यावरची असली, तर बचावाचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो.