कुतूहलाचा माग काढत आयुष्याचा हेतू कसा शोधायचा

'माझ्या आयुष्याचा हेतू काय?' हा प्रश्न घेऊन विचार करत बसलं की सहसा हाती काही लागत नाही. प्रश्न इतका मोठा असतो की त्याला हात कुठून घालायचा तेच कळत नाही. त्यापेक्षा रोज पडणाऱ्या बारीकसारीक प्रश्नांकडे लक्ष द्या. त्यातला एखादा पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो, अडचण आली तरी पिच्छा सोडत नाही आणि हळूहळू दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडू लागतो. हेतू बहुतेक वेळा तिथे सापडतो. या कामाला साधारण दहा आठवडे द्या.

पहिले दोन आठवडे: प्रश्नांची वही

खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइल नको, कारण प्रश्न टाइप करता करताच उत्तर शोधलं जातं आणि कुतूहल तिथल्या तिथे विझतं. रोज तीनच प्रश्न लिहा. प्रत्येकासोबत तारीख आणि तो काय बघताना पडला, हे टिपा. ही शेवटची नोंद लोक हमखास गाळतात, पण पुढे निवड करताना तीच सगळ्यात कामाला येते.

प्रश्न डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल असावा आणि त्यात 'का' किंवा 'कसं' असावं. 'लोक असे का वागतात?' यातून पुढे काही निघत नाही. 'हॉस्पिटलमध्ये जागोजागी पाट्या असूनही लोक चौकशीच्या खिडकीशीच गर्दी का करतात?' हा प्रश्न मात्र तुम्हाला कामाला लावतो.

क्षुल्लक वाटला म्हणून प्रश्न खोडू नका. चार्ल्स डार्विनने 1837 मध्ये गांडुळांवर स्वतः लिहिलेला एक निबंध सादर केला. शेतावर पसरलेला चुना आणि कोळशाची राख काही वर्षांत जमिनीखाली कशी जाते, एवढाच प्रश्न होता. तो त्याने सोडला नाही. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला त्याने त्यांच्यासमोर वाद्यं वाजवून घेतली. आवाजाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की कंपनांमुळे ती बिळात शिरत. या विषयावरचं त्याचं पुस्तक आलं 1881 मध्ये, म्हणजे 44 वर्षांनी.

चाळणी

दोन आठवड्यांनी वहीत चाळीसेक प्रश्न जमतात. एका मिनिटात उत्तर मिळेल ते खोडा. वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा आलेल्यांभोवती गोल करा. मग 'काय बघताना पडला' ही नोंद वाचा. दहा प्रश्न दहा विषयांचे वाटतात, पण त्यातले सहा कुणीतरी गोंधळून उभं असताना पडलेले असतात. हा धागा विषयापेक्षा महत्त्वाचा. शेवटी एकच प्रश्न निवडा. दोन निवडलेत, तर एक अवघड झाला की दुसऱ्याकडे पळ काढाल.

पुढचे सहा आठवडे: पाठपुरावा

आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी 45 मिनिटं. एकदा वाचन, एकदा प्रत्यक्ष जाऊन बघणं किंवा करून पाहणं, एकदा त्या कामातल्या माणसाशी बोलणं. तिन्ही हवीत. नुसतं वाचणाऱ्याचं कुतूहल लवकर आटतं, कारण पुस्तक उलटे प्रश्न विचारत नाही. पाट्यांच्या प्रश्नात बघणं म्हणजे परवानगी घेऊन दाराजवळ उभं राहायचं आणि माणसं नेमकी कुठे थांबतात, मान कुठे वळवतात ते टिपायचं. पाटी वळणानंतर लावलेली असते आणि निर्णय वळणाआधीच घ्यावा लागतो, असं काहीतरी तिथेच दिसतं. दर बैठकीच्या शेवटी पुढचा प्रश्न लिहूनच उठा.

पहिल्याच आठवड्यात कंटाळा आला तर लगेच निकाल देऊ नका. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने 1994 मध्ये मांडलं, की जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यावंसं वाटतं, त्यातली फट जाणवली की कुतूहल जागं होतं. विषयाची काहीच माहिती नसेल तर फट दिसणार कशी? म्हणून आधी तीन-चार तास प्राथमिक माहितीला द्या, मग ठरवा.

त्यानंतरचा कंटाळा दोन प्रकारचा असतो. एक अवघडपणाचा, दुसरा विषयच संपल्याचा. आवड तयार मिळते असं मानणारी माणसं पहिल्या कंटाळ्यालाच 'हे माझं नाही' म्हणून मोकळी होतात. आवड मात्र घडवावी लागते. फरक ओळखायला काम अर्ध्याने लहान करा आणि मग चार दिवस थांबा. प्रश्न आपणहून मनात येत राहिला तर तो जिवंत आहे. नाही आला, तर वहीतला दुसरा घ्या.

शेवटचे दोन आठवडे: दुसऱ्याच्या उपयोगी

इथवर आली ती आवड. ती दुसऱ्या कुणाच्या कामी आली की हेतू होते. ही पायरी बरेच जण टाळतात, कारण काम लोकांसमोर ठेवायची भीती वाटते. लहान ठेवा. एकाच वळणासाठी कागदावर नवी पाटी काढा, पाच जणांना दाखवा आणि ते कुठे अडतात ते गप्प राहून पाहा. समजावून सांगायचा मोह आवरा, नाहीतर पाटीची नव्हे, तुमच्या बोलण्याची परीक्षा होते.

मग पेन्सिलने एक वाक्य लिहा: 'अमुक लोकांचं अमुक काम सोपं व्हावं म्हणून मी अमुक शिकतो आहे.' पहिली जागा भरता येत नसेल तर प्रत्यक्ष माणसं अजून भेटलेली नाहीत. शेवटची भरता येत नसेल तर कुतूहल संपलंय आणि उरलंय ते कर्तव्य. वाक्य दर तीन महिन्यांनी तपासा.

कुठे बिनसतं

सर्वांत मोठा घोटाळा मोबाइलवर स्क्रोल करत राहण्याचा. त्यातही काहीतरी नवं कळतं, म्हणून ते कुतूहल वाटतं. तासाभराने आधीपेक्षा नेमका प्रश्न हाती आला का, एवढंच तपासा. आला नसेल तर ती नुसती करमणूक होती.

महागडी साधनं घेणं, नोकरी सोडणं, सगळ्यांना जाहीर सांगणं हे दहा आठवडे संपेपर्यंत लांबणीवर टाका. एकदा सांगून बसलं की प्रश्न बदलायची लाज वाटते आणि मेलेला प्रश्न ओढत न्यावा लागतो.

आणि दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, आधी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. ते नैराश्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.