सहा नंबरला खेळायचंय? मग गुये बघा

फुटबॉलमध्ये सहा नंबर म्हणजे बचावफळीच्या पुढे उभा राहून समोरच्यांचे हल्ले मोडणारा मिडफिल्डर. खडकीच्या मैदानावर पोरांना मी हेच सांगतो: बॉलकडे बघत बसू नका, इद्रिसा गुयेकडे बघा. सेनेगलच्या डाकारचा हा गडी फ्रान्सच्या लील क्लबला गेला, 2011 मध्ये फ्रेंच लीग जिंकणाऱ्या संघात होता. मग ॲस्टन व्हिला, एव्हर्टन, पॅरिस आणि 2022 मध्ये पुन्हा एव्हर्टन. उंची बेताचीच, म्हणून मला जास्तच आवडतो.

मॅच लावा आणि थोडा वेळ फक्त त्याची मान बघा. बॉल पलीकडच्या टचलाइनला असतानाही ती वळत असते, मागे कोण सुटलाय ते बघायला. तुम्हीही पास येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून एकेक नजर टाकायची.

टॅकलला लोळण घेऊ नका (आपल्या खडीवर तर नाहीच, गुडघे सोलतात). हात-दीड हात अंतर ठेवून, गुडघे वाकवून उभं राहा. समोरच्याचा टच जरा लांब पडला रे पडला की पाय घाला. बॉल मिळाल्यावर हिरोगिरी नको, जवळच्याला सरळ पास. लांब पास मारायची हौस असेल तर आधी स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) विचारा, मागची धावपळ त्यालाच करावी लागते.