ट्रॅप-स्कीट नवीन सुरू करताय? मग चोकबद्दल हे वाचा

आपल्याकडे गोव्यात नेमबाजी म्हटलं की बहुतेक पोरं एअर रायफल नाहीतर पिस्तूल धरतात, शॉटगनकडे, म्हणजे उडत्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडायच्या ट्रॅप-स्कीटकडे, वळणारा एखादाच, आणि त्याला विचारायला जवळपास माणूस नसतो, मग तो मेसेज करतो की दादा फुल चोक घेऊ का, लांब मारतो म्हणे. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ती जराशी आवळणारा भाग, आताच्या बंदुकीत तो आट्यांनी फिरवून बसवतात. मी शिकलो दिल्लीला, तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर, वास्कोहून गोवा एक्स्प्रेस पकडायची आणि निजामुद्दीनला उतरायचं. तिथे जे कानावर पडलं आणि नंतर स्वतः कागदावर मारून बघितलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे चोकने ताकद वाढत नाही. 12 बोरची नळी आतून साधारण 18.5 मिमी असते, फुल चोक तोंडाशी ती जेमतेम 1 मिमी आवळतो, मॉडिफाइड अर्धा मिमी, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर पाव मिमी, आणि सिलिंडर म्हणजे काहीच आवळणं नाही. एवढ्याशा फरकाने छर्रे किती अंतरावर किती पसरतात ते ठरतं, बाकी काही नाही. जुना हिशेब असा की 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, 30 इंचाच्या वर्तुळात फुलचे 70 टक्के छर्रे पडतात, मॉडिफाइडचे 60, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे 50 आणि सिलिंडरचे 40. पाग टाकणाऱ्याला हे लगेच कळेल, जाळं पुरतं उघडायच्या आत मासा गाठला तर तो बाजूने निसटतो.

आता ट्रॅप. तुम्ही ट्रेंचच्या, म्हणजे जिथून तबकडी उडते त्या खड्ड्याच्या, 15 मीटर मागे उभे, क्ले, म्हणजे ती तबकडी, तुमच्यापासून लांब पळतेय, त्यामुळे पहिला बार होईपर्यंत ती तीस-पस्तीस मीटरवर गेलेली असते आणि दुसऱ्याला त्याहून पुढे. म्हणून ओव्हर-अंडरच्या, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांच्या बंदुकीच्या, खालच्या नळीला मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड (मॉडिफाइड आणि फुलच्या मधला) आणि वरच्या नळीला फुल, ही जोडी बरेच जण लावतात. स्कीटमध्ये क्ले वीसेक मीटरच्या आतच फुटते, तिथे स्कीट चोक, म्हणजे जवळजवळ सिलिंडरच, नाहीतर सिलिंडर. स्कीटला फुल लावला तर पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा, परातीएवढा पण होत नाही, लागली तर क्लेची धूळ होते हे खरं, बघायला मजा येते, पण नवशिक्याला लागतच नाही.

पण लोक एवढ्यावरच थांबतात आणि काडतूस विसरतात. स्पर्धेच्या नियमाने काडतुसात साधारण 24 ग्रॅमपर्यंतच छर्रे चालतात. ट्रॅपला साधारण 2.4 मिमीचा छर्रा वापरतात, तो 24 ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बसतो, स्कीटला 2 मिमीचा, तो पाचशेच्या आसपास. म्हणजे उघड्या चोकने पसरूनही स्कीटच्या पॅटर्नमध्ये भोकं पडत नाहीत, कारण छर्रेच जास्त. हेच बारीक छर्रे चाळीस मीटरवर नेलेत तर जोर संपलेला असतो, क्लेला लागतात आणि क्ले तशीच पुढे जाते, तिथे कुठलाही चोक काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट शिशाची. स्वस्त काडतुसात मऊ शिसं असतं, बार होताना छर्रे चेपतात, चेपलेला छर्रा सरळ जात नाही, आणि तुमचा मॉडिफाइड कागदावर इम्प्रूव्ह्ड सिलिंडरसारखा दिसतो. अँटिमनी घातलेला कडक छर्रा गोल राहतो, पॅटर्न घट्ट येतो. स्टीलचा छर्रा तर चेपतच नाही, मॉडिफाइडमधून मारला तर फुलसारखा येतो, त्यामुळे स्टील असेल तर एक पायरी उघडा चोक घ्या आणि फुलमधून मारूच नका, नळी फुगू शकते. जुन्या नळ्यांना तर स्टील नकोच. तसंच स्लग, म्हणजे एकच मोठी गोळी, ती सिलिंडर नाहीतर इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमधून. सत्तरी-पेडण्याकडे घरात आजोबांची शेतराखणीची बंदूक असते ना, तिचा चोक नळीतच कोरलेला असतो, तो बदलता येत नाही, तेव्हा आत काय घालायचं ते आधी जाणकार गनस्मिथला दाखवून विचारा.

तर मग कुठला चोक? कागद सांगेल. मोठा कोरा कागद ताणून लावा, मधे ठिपका काढा, जितक्या अंतरावर तुम्ही खरोखर क्ले फोडता तितक्याच अंतरावरून एक बार मारा, मग जिथे छर्रे जास्त दाट पडलेत त्याच्याभोवती 75 सेमीचं वर्तुळ काढा. आकडा मोजा, पण त्याच्याआधी मोकळ्या जागा बघा. क्ले 110 मिमीची, तेवढ्या आकाराचा पुठ्ठा कापून वर्तुळात सरकवत न्या, पुठ्ठ्याखाली दोन-तीन छर्रे पण येत नाहीत अशी जागा सापडली की समजा तिथून क्ले सुटणार. एका कागदावर विसंबू नका, प्रत्येक चोक आणि प्रत्येक काडतुसाचे पाचेक कागद काढा. कंटाळवाणं काम आहे, उन्हात तर फारच, पण चोकवर लिहिलेल्या नावापेक्षा हे खरं. एकाच काडतुसाने दोन बंदुकांचे मॉडिफाइड वेगवेगळे येतात.

चोक ओळखायला त्याच्या कडेवर खाचा असतात, बेरेटा कंपनीच्या चोकला एक खाच म्हणजे फुल आणि पाच म्हणजे सिलिंडर. दुसऱ्या कंपनीचा चोक बसतोय म्हणून घालू नका, बेरेटाच्याच मोबिलचोक आणि ऑप्टिमाचोक या दोन प्रकारच्या चोकची अदलाबदल चालत नाही. हात लावायच्या आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ते डोळ्याने बघायचं, दर वेळी. आणि चोक न लावता बार काढायचा नाही, आटे खराब होतात.

आपल्या हवेत एक जास्तीचं काम, जून ते सप्टेंबर चोक नळीतच राहिला तर गंजून असा बसतो की चोक फिरवायची चावीच तुटेल. म्हणून प्रत्येक सेशननंतर काढा, आट्यांवरचा काळा मळ जुन्या टूथब्रशने घासा, ग्रीसचा पातळ हात फिरवा, परत बसवा, आणि पंचवीस-तीस बारांनंतर चावीने जरा बघून घ्या, तो हळूहळू सैल होत असतो.