बारा कळ्यांचा मोदक: सरफेसिंग शिकायची माझी वाट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या पोटमाळ्यावर माझं टेबल आहे. खाली व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन) चालतं, वर मी. डिप्लोमा झालेली पोरं येतात, कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर आकार काढताना, एक्स्ट्रूड, रिव्हॉल्व्ह, फिलेट (खेचणं, फिरवणं, कोपरा गोल करणं) झरझर करून दाखवतात आणि विचारतात, "सर, सरफेसिंग किती दिवसांत येतंय?" सरफेसिंग म्हणजे वाकडे, फुगीर आकार पातळ कातडीसारखे तुकडे जोडून काढणं. मी त्यांना मोदक करायला लावतो. पेढ्याचा मोदक पाडायचा अॅल्युमिनियमचा साचा, दोन अर्धुकांचा. पोटाशी व्यास ४० मिमी. दिसायला पोरखेळ, पण सरफेसिंगमधली बहुतेक दुखणी त्यात एका जागी सापडतात.

सॉफ्टवेअरवरून वाद नको. आसपासच्या शॉपमध्ये सॉलिडवर्क्स जास्त, विमानाच्या कामांत कॅटिया आणि एनएक्स. खिशात पैसे नसतील तर फ्रीकॅड घ्या, रायनोही ९० दिवस फुकट वापरता येतं. मी खाली सॉलिडवर्क्सची नावं घेतोय, तुमच्याकडं आज्ञेचं नाव वेगळं असेल, काम तेच.

पहिले आठ दिवस सरफेस काढायचाच नाही. फक्त रेषा.

माझे बाबा फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. कास्टिंग थंड होताना आकसतं म्हणून त्यांची मोजपट्टीसुद्धा वेगळी, बिडासाठी साधारण १ टक्का मोठी. मोठा बाक काढायचा झाला की ते फळीवर तीन-चार खिळे मारत आणि त्यातून हॅक्सॉचं जुनं ब्लेड वाकवून पेन्सिल फिरवत. एकदा मी हौसेनं नऊ खिळे मारले. ब्लेड प्रत्येक खिळ्याशी अडून नागमोडी झालं. "खिळं काढ की आदी," एवढंच म्हणाले. स्प्लाइनचं तसंच आहे. जहाज बांधणारे लाकडाची लवचिक पट्टी वजनांनी दाबून रेषा काढत, त्या पट्टीचंच नाव स्प्लाइन. जिथं तिथं पॉइंट टाकाल तर रेषा प्रत्येक पॉइंटाशी भांडेल.

म्हणून साधी स्प्लाइन सोडा, स्टाइल स्प्लाइन घ्या. तिचे मधले पॉइंट (कंट्रोल पॉइंट) रेषेच्या बाहेर राहतात आणि रेषेला लांबून ओढतात. ही पद्धत मोटारींच्या पत्र्यातून आली: रेनॉमध्ये बेझिए आणि सिट्रोएनमध्ये द कास्तेल्जो, दोघांनी आपापल्या जागी ती बसवली. मोदकाच्या बाहेरच्या रेषेला पाचव्या डिग्रीची एकच स्प्लाइन पुरते, सहा कंट्रोल पॉइंटची. सहाच का, तर टोकाशी वक्रता जुळवायला प्रत्येक बाजूचे तीन पॉइंट खर्ची पडतात.

आता कर्व्हेचर कोंब (वक्रता दाखवणारा कंगवा) चालू करा. रेषेवर कंगव्याचे दात उभे राहतात, वक्रता जास्त तिथं दात लांब. दातांच्या टोकांची रेघ हळू चढावी, हळू उतरावी. मधेच पायरी दिसली किंवा दात उगाच पलीकडच्या बाजूला गेले, तर तिथं खोट आहे. डोळ्याला रेषा गुळगुळीतच दिसत असते बरं का, कोंबच तेवढा चुगली करतो.

दोन रेषा किंवा सरफेस किती चांगले जुळलेत त्याच्या पायऱ्या म्हणजे जी-झिरो, जी-वन, जी-टू. त्या पाठ करू नका. चोर्ला घाटात गाडी घालून बघा. दोन रस्ते नुसते टोकाला टोक लागलेत, मधे कोपरा आहे: जी-झिरो. सरळ रस्त्याला गोल वळण स्पर्शून जोडलंय, कोपरा नाही, पण वळण सुरू होताक्षणी हँडल झटक्यानं वळवावं लागतं: जी-वन. वळण हळूहळू घट्ट होत गेलं आणि हँडलही हळूहळू वळलं: जी-टू. साधं फिलेट जी-वनच देतं, म्हणून चकचकीत वस्तूवर फिलेटच्या कडेला उजेड तुटल्यासारखा दिसतो. स्क्रीनवर मॉडेलला झेब्रा पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब) लावल्या की हेच उघडं पडतं. जी-झिरोला पट्ट्या एकमेकांना चुकतात, जी-वनला जुळतात पण सांध्यावर मोडतात, जी-टूला वळसा घेऊन पुढं जातात.

आता मोदक. अख्खा काढायचा नाही. कळ्या बारा, म्हणजे एक कळी ३० अंशांची आणि अर्धी १५ अंशांची. आपल्याला तेवढी अर्धी कळीच हवी. अक्षातून जाणाऱ्या एका उभ्या प्लेनवर (सपाट पातळीवर) कळीच्या माथ्याची रेषा, १५ अंश फिरवलेल्या प्लेनवर खाचेची. खाचेची रेषा म्हणजे माथ्याचीच रेषा, अक्षापासूनचं अंतर ०.९४ पट. पोटाशी २० मिमीची १८.८ होते, आणि वर निमुळतं होईल तशी खोलीही आपोआप कमी होते. खाली एक आडवी रेषा, वर एक. या चार बाजूंवर ताणलेला तुकडा म्हणजे बाउंड्री सरफेस.

वरची आडवी रेषा शेंड्यावर न्यायची नाही, इथं पोरं हमखास फसतात. शेंड्याला नेली की चौथी बाजू शून्य होते, तुकडा तिकोनी होतो आणि सरफेसच्या आतल्या सगळ्या रेघा एका बिंदूत कोंबल्या जातात. तिथं सरफेस चुरगळतो, पुढं ऑफसेट (ठरावीक अंतरावरची नक्कल) अडतो. मी शेंड्याच्या खाली, अक्षापासून २ मिमीवर थांबतो. वर भोक राहतं, ते शेवटी फिल्ड सरफेसनं बुजवायचं.

आणखी एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आडव्या रेषा दोन्ही प्लेनना काटकोनातच भेटवा, सरफेसलाही त्या कडांवर तीच अट घाला. मग मिरर केल्यावर दुसरी अर्धी कळी जी-टूनंच जुळते, वेगळी खटपट नाही. दोन्हीकडची वक्रता आरशामुळं सारखीच असते ना. मिरर करा, अक्षाभोवती बारा वेळा फिरवा, वरचं भोक बुजवा, निट करा (तुकडे शिवून एक करा). निट झाल्यावर उघड्या कडा मोजा. तळाची कड सोडून एकही उघडी कड दिसली, तर तिथं फट आहे.

बारा कळ्यांचं कारण सांगायचं राहिलं. पहिल्यांदा मी अकरा केल्या होत्या, दोन मिमी खोल. स्क्रीनवर काय देखणा दिसत होता! फाइल खाली दिली. तासाभरानं ऑपरेटरनं हाक मारली, "सर, स्वल्प खाली या." त्यानं कडेवर बोट ठेवलं. "इथं टूल जाणार कसं?"

संख्या विषम असली की एका कळीच्या माथ्यासमोर खाच येते. साचा मधोमध दुभागला की एका कडेला माथा, दुसऱ्या कडेला खाच. खाचेच्या पुढची कळी कडेपेक्षा बाहेर फुगते, म्हणजे अंडरकट. वरून येणाऱ्या टूलला तिथलं धातू काढता येत नाही, आणि तसाच साचा दिला असता तर ती कळी चपटी पडली असती. सोळा वर्षं पॅटर्न बघत वाढलेला मी, पार्टिंग लाइन (साचा दुभागतो ती रेषा) ठरवायच्या आधी आकार काढत बसलो होतो. घरी सांगितलं तर बाबा नुसते हसले.

तर अर्धाच मोदक ठेवा, साचा उघडतो ती दिशा द्या आणि ड्राफ्ट अॅनॅलिसिस लावा. ड्राफ्ट म्हणजे साच्यातून सुटायला लागणारा उतार, अंडरकट तिथं लाल दिसतं. बारा कळ्या, दोन्ही कडांवर माथा, तरीही माझ्या मॉडेलात कडेकडच्या पहिल्या खाचेपलीकडं बारीक लाल रेघ राहिली होती. खोली २ मिमीची १.२ केली तेव्हा लाल गेलं, पोटाशी कमीत कमी एक-सव्वा अंश ड्राफ्ट मिळाला. वरचं ०.९४ तिथून आलंय. खोल कळ्याच हव्या असतील तर साचा तीन तुकड्यांचा करावा लागेल, त्याचा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगा.

खाली पाठवायच्या आधी सर्वात लहान त्रिज्या बघा. कळीचा माथा साच्यात खोलगट होतो. पोटाशी त्याची त्रिज्या पावणेचार मिमीच्या आसपास येते, म्हणून ६ मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचं टूल), त्रिज्या ३, बसतो. वर जिथं मोदक निम्मा झाला तिथं ही त्रिज्याही निम्मी, मग ३ मिमीचा बॉलनोज. शेंड्याजवळ तोही मोठा पडतो, तिथं आणखी बारीक टूल आणि थोडं हातानं घासणं. टूलच्या दोन पासमधल्या (फेऱ्यांमधल्या) अंतराचा वर्ग भागिले टूलच्या त्रिज्येची आठपट, एवढी उंची रेघांची उरते. ६ च्या बॉलनोजनं ०.३ मिमी अंतर ठेवलं तर सुमारे ४ मायक्रॉन, पॉलिशमध्ये सहज जाते.

फाइल स्टेपमध्ये (बहुतेक कॅडमध्ये उघडणाऱ्या फॉरमॅटमध्ये) द्या, आणि दिलेली फाइल स्वतः पुन्हा उघडून कडा परत मोजा. मोदक जमला की पुढचा धडा पंपाचं व्हॉल्यूट, म्हणजे शंखासारखं कवच. त्यात जिभेपाशी (शंख बाहेरच्या नळीला मिळतो त्या टोकाशी) तिकोनी तुकडा टाळून दाखवा, मग पोटमाळ्यावर या.