इथोसोम त्वचेतून औषध नेतो का, हे प्रयोगशाळेत कसे पडताळावे

त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो. तरीही मृत पेशी आणि त्यांच्यामधील मेद यांचा हा थरच बहुतेक औषधांची वाट अडवतो. त्यातून मार्ग काढण्यासाठी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील एल्का तुइतू यांनी इथोसोम विकसित केले. या फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्या असून त्यांच्यातील इथेनॉलमुळे पिशवीचे आवरण आणि त्वचेतील मेद, दोन्ही मऊ पडतात. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हाताळायला सोपे म्हणून येथे डायक्लोफिनॅक सोडियम या वेदनाशामकाचे उदाहरण घेतले आहे.

सोयाबीनचे फॉस्फॅटिडिलकोलीन (एक फॉस्फोलिपिड) 2 टक्के आणि इथेनॉल 30 टक्के या प्रमाणापासून सुरुवात करावी. मेद व औषध इथेनॉलमध्ये विरघळवून 30 अंश सेल्सिअसला ठेवावे आणि स्टररवर जोरात ढवळत असताना त्याच तापमानाचे पाणी बारीक धारेने सोडावे. भांडे झाकलेलेच हवे, कारण इथेनॉल उडून गेले तर प्रमाणच बदलते. पिशव्यांचा आकार आणि त्यांत सामावलेले औषध त्याच दिवशी मोजावे.

तुलना कशाशी करायची, हा माझ्या मते प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. औषधाच्या नुसत्या पाण्यातील द्रावणापेक्षा इथोसोम सरस ठरले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण 30 टक्के इथेनॉल स्वतःच त्वचेची पारगम्यता वाढवू शकते. म्हणून तितकेच औषध असलेले इथेनॉल-पाण्याचे द्रावण आणि इथेनॉलविरहित लिपोसोम (फॉस्फोलिपिडच्याच साध्या पिशव्या), असे दोन्ही नमुने सोबत ठेवावेत आणि डुकराच्या एकाच कानाची त्वचा तिघांत वाटून घ्यावी, म्हणजे प्राण्याप्राण्यांतील फरक पिशवीच्या खात्यावर जमा होणार नाही.

डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या त्वचेला बरीच जवळची असते. मात्र कत्तलखान्यात केस काढण्यासाठी गरम पाण्यात बुडवण्याआधीच कान मागून घ्यावा, नाहीतर अडथळ्याचा थर आधीच बिघडलेला असतो. केस कात्रीने कापावेत, वस्तरा लावू नये. प्रत्येक तुकड्याचा विद्युतरोध किंवा त्यातून होणारी पाण्याची गळती तपासून सदोष तुकडे बाजूला काढावेत.

त्वचा फ्रान्झ सेलवर, म्हणजे वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये त्वचा धरणाऱ्या काचेच्या उपकरणावर, आतली बाजू खाली करून बसवावी, खालच्या कप्प्यात 7.4 पीएचचा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) भरावा आणि त्वचेचा पृष्ठभाग 32 अंशांवर राहील असे तापमान ठेवावे. क्लॅम्प आवळल्यावर सेल उजेडासमोर धरून खालून पाहावे. चकचकीत, गोल ठिपका दिसला तर तो हवेचा बुडबुडा असतो आणि तेवढ्या भागातून औषध बफरमध्ये उतरत नाही. सेल तिरका करून हा बुडबुडा नमुना घेण्याच्या नळीतून बाहेर काढावा आणि वेळोवेळी बफरचा नमुना काढल्यावर दर वेळी हीच तपासणी पुन्हा करावी. काढलेल्या नमुन्याइतकाच, त्याच तापमानाचा ताजा बफर भरावा आणि गणितात ही दुरुस्ती धरावी.

चोवीस तासांनंतर बफरमध्ये उतरलेले एकूण औषध आणि वेळ यांच्या आलेखाच्या सरळ भागाचा उतार त्वचेच्या क्षेत्रफळाने भागून फ्लक्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमधून औषध पार होण्याचा वेग, काढावा. सेलच्या 15 मिलिमीटर व्यासाच्या तोंडासाठी हे क्षेत्रफळ 1.77 चौरस सेंटिमीटर येते. त्यानंतर पृष्ठभागावरून पुसलेले, चिकटपट्टीने ओढलेल्या थरांतले, उरलेल्या त्वचेतले आणि बफरमधले औषध यांची बेरीज लावलेल्या मात्रेच्या 90 ते 110 टक्क्यांत बसते का, ते पाहावे. बसत नसेल, तर फ्लक्सचा अर्थ लावण्याआधी वरच्या कप्प्याच्या काचेला आणि झाकणाला चिकटलेले औषध धुऊन मोजावे.