नवीन ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी पॉवर सप्लायचं लेबल वाचा

अपग्रेडचा विषय निघाला की सगळं बजेट कार्ड आणि प्रोसेसरमध्ये जातं आणि शेवटी जे उरेल त्यात एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय) बसवायचा, हे मला अजिबात पटत नाही. रॅम बिघडली तर रॅम जाते, फॅन बिघडला तर फॅन जातो, पण हलक्या दर्जाचा पॉवर सप्लाय जळला तर मदरबोर्ड, कार्ड, एसएसडी यातलं काहीही सोबत घेऊन जाऊ शकतो. उलट चांगला घेतला तर पुढची दोन-तीन अपग्रेड तोच सांभाळतो, दहा-दहा वर्षं वॉरंटी असलेली मॉडेल्स मिळतात.

आधी वॅटचा हिशोब करू. प्रोसेसरचा टीडीपी (कंपनीने लिहिलेला उष्णतेचा ठोकळ आकडा) बघू नका, तो जास्तीत जास्त किती वॅट ओढतो ते बघा, या दोन आकड्यांत बराच फरक असतो. रायझन ७ ७८००एक्स३डी चा टीडीपी १२० वॅट आहे पण प्रोसेसर सॉकेटची मर्यादा १६२ वॅट, आणि कोअर आय९ १४९००के चा बेस १२५ वॅट लिहिलेला असला तरी टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, इंटेलचाच आकडा २५३ वॅट आहे. आता समजा ७८००एक्स३डी सोबत आरटीएक्स ४०७० सुपर लावताय, कार्डचे २२० वॅट, सीपीयूचे १६२, आणि बोर्ड, रॅम, ड्राइव्ह, फॅन मिळून अजून साधारण ६०-७० धरा, म्हणजे सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास. मग एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅटचा सप्लाय का सांगते? कारण ४५० ही सरासरी झाली. कार्ड काही मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत अचानक खूप जास्त करंट ओढतं आणि ते कुठल्याच मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. सप्लायला तो झटका झेपला नाही तर त्याचं प्रोटेक्शन ट्रिप होतं आणि गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळी. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या स्टँडर्डमध्ये कार्डासाठीचा नवीन १६ पिनचा कनेक्टर असलेल्या मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता रेटिंगच्या दुप्पट लोड सहन करावा अशी अट टाकली. आज नवीन घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ वालाच घ्या, यात मी तरी तडजोड करणार नाही.

आता बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याबद्दल. तो आकडा सोडा आणि सप्लायच्या अंगावर चिकटवलेलं छोटं लेबल वाचा, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. आजचा गेमिंग पीसी जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरूनच घेतो. ६५० वॅटच्या चांगल्या सप्लायवर तिथे ५४ अँपिअर असतात, ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८ वॅट, म्हणजे जवळपास पूर्ण ताकद तिथे उपलब्ध आहे. पण वर ६५० छापलंय आणि १२ व्होल्टला ३८ अँपिअरच आहेत असं दिसलं तर तो तुमच्यासाठी ४५६ वॅटचा सप्लाय आहे. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेत जिथे तुम्हाला त्यांचा काही उपयोग नाही. लेबलवर हा तक्ताच नसेल तर तो सप्लाय परत ठेवून द्या.

८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे बघून लोक निश्चिंत होतात पण ते फक्त एफिशियन्सीचं सर्टिफिकेट आहे. गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या टेस्टमध्ये अर्ध्या लोडवर किमान ९० टक्के आणि ब्रॉन्झ म्हणजे ८५. तुमचा पीसी ४०० वॅट घेत असेल तर गोल्ड भिंतीच्या सॉकेटमधून साधारण ४४५ वॅट ओढेल आणि ब्रॉन्झ ४७०, बस एवढाच फरक, वरचे वॅट उष्णता होऊन जातात. आत कॅपॅसिटर कसले आहेत, प्रोटेक्शन नीट सेट केलंय का, यातलं काहीही तो बिल्ला सांगत नाही, त्यामुळे चांगला बनवलेला ब्रॉन्झ मी फालतू गोल्डपेक्षा कधीही पसंत करेन. आणि हो, ६५० वॅट हे रेटिंग बाहेर मिळणाऱ्या पॉवरचं असतं, त्यातून एफिशियन्सी वजा करायची नसते, हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.

ब्रँड बघून घेऊ नका, मॉडेल बघून घ्या. नाव असलेल्या बऱ्याच कंपन्या सप्लाय स्वतः बनवतच नाहीत, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एफएसपी अशा कारखान्यांकडून बनवून घेतात आणि एकाच ब्रँडची एक सिरीज मस्त तर दुसरी सुमार असू शकते. त्यामुळे नेमक्या त्याच मॉडेलचा आणि त्याच वॅटचा असा रिव्ह्यू शोधा ज्यात खरंच लोड टेस्टर लावलाय, नुसता बॉक्स उघडून दाखवलेला नको. त्यात १२ व्होल्टचा रिपल (व्होल्टेजमधला बारीक चढउतार) बघा, स्टँडर्डची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे आणि चांगले सप्लाय तिच्या निम्म्याच्याही खाली राहतात. ओव्हर टेम्परेचर प्रोटेक्शन आहे का तेही बघा, स्वस्त मॉडेल्समध्ये कात्री बऱ्याचदा तिथेच लागते. सप्लाय तपासून रेटिंग देणाऱ्या सायबेनेटिक्सच्या साइटवर मॉडेलनुसार रिपोर्ट आहेत, आवाजाचं रेटिंगसुद्धा.

आता केबल, आणि हा भाग प्लीज घाईत वाचू नका. जुना मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) सप्लाय काढून नवीन लावताना जुन्या केबल तशाच ठेवायचा मोह होतो कारण त्या छान बांधून ठेवलेल्या असतात, पण सप्लायच्या बाजूच्या पिनची मांडणी स्टँडर्ड नाही, प्रत्येक कंपनीची वेगळी आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन सिरीजचीसुद्धा वेगळी. प्लग अगदी आरामात बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह जागच्या जागी संपते. सगळ्या केबल काढा, नवीन सप्लायच्याच लावा. सीपीयूची ४+४ पिनची आणि कार्डची ६+२ पिनची केबल यांतही गल्लत करू नका, दोन्हींचं वायरिंग उलटं असतं. कार्डला दोन ८ पिन लागत असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलला पुढे जोडलेलं दुसरं टोक जास्त पॉवरच्या कार्डाला वापरू नका. १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, मध्ये फट दिसता कामा नये, आणि प्लगजवळच केबल तिरकी वाकवू नका, हे कनेक्टर वितळल्याच्या ज्या केसेस आल्या त्यातल्या बऱ्याच अर्धवट बसवल्यामुळे होत्या.

यूपीएस असेल तर त्याचा आकडा व्हीए मध्ये असतो, वॅट वेगळे लिहिलेले असतात आणि ते कमीच असतात, तेच बघा. शक्यतो प्युअर साइन वेव्हवाला घ्या, साध्या यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर काही सप्लाय बॅटरीवर जाताच बंद पडतात.

आणि सध्याचा सप्लाय बदलायलाच हवा का हे आधी तपासायचं असेल तर एक सोपी गोष्ट करा. गेममध्ये पीसी रिस्टार्ट होत असेल तर कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळून बघा, रिस्टार्ट थांबले तर संशय सप्लायवर घ्यायला हरकत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी कर्नल पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगतो की विंडोज नीट बंद झालं नाही, त्यावरून लगेच नवीन ऑर्डर करू नका. आणि आत काय झालंय ते बघायला सप्लाय उघडू तर मुळीच नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा चार्ज राहू शकतो.