सी-सी++ प्रकल्पाला बिल्ड टूल कोणतं घ्यावं?

ओपन सोर्स प्रकल्पात बिल्ड टूल (सोर्स कोडपासून चालता प्रोग्राम बांधून देणारं साधन) निवडताना स्वतःची सोय शेवटी बघावी. आपल्या लॅपटॉपवर काहीही चालतं. अडतं ते दुसऱ्यांचं. पहिल्यांदाच कोड उतरवून घेणारा विद्यार्थी, विंडोजवर काम करणारी योगदानकर्ती आणि डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स वितरणांसाठी पॅकेज बांधणारा स्वयंसेवक, ही तीन माणसं डोळ्यांपुढे ठेवा. नवखे प्रकल्पप्रमुख यातल्या तिसऱ्याला हमखास विसरतात.

पाच-सात फाइल्स आणि फक्त लिनक्स, एवढाच पसारा असेल तर साधं मेक पुरतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं हे टूल आजही जवळपास सगळीकडे मिळतं. कमांडची ओळ टॅबने सुरू झाली नाही तर 'मिसिंग सेपरेटर' म्हणून ते अडतं, पण ती चूक निदान लगेच दिसते. खरा त्रास हेडरचा, म्हणजे अनेक फाइल्स मिळून वापरतात त्या घोषणांच्या फाइलचा. स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवलं, पण कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे हे मेकला सांगितलेलंच नसतं. मग अर्ध्या ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइल्स जुन्या मापाच्या राहतात आणि प्रोग्राम भलत्याच ओळीवर कोसळतो. जीसीसी किंवा क्लँग या कंपाइलरला 'एमएमडी' आणि 'एमपी' हे दोन फ्लॅग द्या आणि तयार होणाऱ्या, हेडरची यादी असलेल्या डी-फाइल्स मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा. हे न करता दर वेळी 'मेक क्लीन'ने सगळं पुसून पुन्हा बांधत बसणं म्हणजे मेक वापरण्याचा फायदाच घालवणं.

पसारा वाढला की प्रश्न उरतो सीमेक की मेसन. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ वापरणारे बरेच असतील, किंवा इतरांनी आपल्या प्रकल्पात जोडून घ्यावी अशी सी++ लायब्ररी असेल, तर सीमेक घ्या. एलएलव्हीएम, केडीई, क्यूटी ६ सगळे त्यावरच आहेत, त्यामुळे अडलं तर विचारायला माणसं भरपूर. लिनक्सच्या बाजूचा सी प्रकल्प असेल तर मला मेसन जास्त पटतं. सिस्टमडी, मेसा, क्यूईएमयू हे त्याकडे वळले, त्याला कारण आहे: मेसनची फाइल नवख्याला पहिल्या वाचनात कळते. सीमेकची भाषा मात्र शिकावीच लागते.

सीमेकमध्ये तीन ठिकाणी लोक अडकतात. बिल्ड टाइप (डीबग की रिलीज) दिला नाही तर मेकफाइल किंवा निन्जा या मेकसारख्याच टूलसाठी तो रिकामाच राहतो, म्हणजे ऑप्टिमायझेशन नाही आणि डीबग माहितीही नाही. 'प्रोग्राम फार हळू चालतो' या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं. सोर्स फाइल्सची यादी ग्लॉबने, म्हणजे '*.c' अशा नमुन्याने, गोळा केली, तर नवी फाइल टाकल्यावर पुन्हा कॉन्फिगर करेपर्यंत ती दिसत नाही. नावं हाताने लिहा. मेसनने तर ग्लॉब मुद्दामच ठेवलेला नाही. तिसरी गोष्ट किमान आवृत्तीची. २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीची सुसंगतता काढून टाकली आणि वर्षानुवर्षं हात न लावलेले कित्येक प्रकल्प पहिल्याच ओळीवर थांबले. उलट फार नवी आवृत्ती मागितली तर जुन्या वितरणावर बिल्डच होत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये सीमेक ३.२२ आणि मेसन ०.६१ आहे, तुमचे वापरकर्ते कुठे आहेत ते बघून आकडा ठरवा.

आता पॅकेज बांधणारा. डेबियनमध्ये पॅकेजच्या बिल्डला नेटवर्क वापरायची मुभा नाही. सीमेकच्या फेचकंटेंट या सोयीने गिटहबवरून लायब्ररी ओढत असाल तर त्याचं काम तिथेच थांबतं. आधी सिस्टीमवरची लायब्ररी शोधा, डाउनलोड हा पर्याय ठेवा आणि तो बंद करता येईल असा ऑप्शन द्या. डेस्टडिर (पॅकेज बांधताना फाइल्स ठेवायचं तात्पुरतं फोल्डर) आणि प्रीफिक्स (इन्स्टॉलचा मूळ पत्ता) पाळा. '/यूएसआर/लोकल' असा पत्ता थेट लिहू नका.

नव्या प्रकल्पासाठी ऑटोटूल्स (ऑटोकॉन्फ, ऑटोमेक हा जुना संच) घेऊ नका. त्याच्या टारबॉलमध्ये, म्हणजे प्रकाशित सोर्सच्या गठ्ठ्यात, गिटमध्ये नसलेल्या, यंत्राने तयार केलेल्या हजारो ओळी असतात आणि त्या कुणी वाचत नाही. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या प्रकरणात हेच झालं: ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमधल्या एका एम४ (ऑटोटूल्स वापरतं ती मॅक्रो भाषा) फाइलमध्ये घातक ओळी होत्या, गिटमध्ये त्या नव्हत्याच. पण टूल बदललं की निर्धास्त, असंही नाही. त्याच प्रकल्पाच्या सीमेक फाइलमध्ये लँडलॉक ही लिनक्सची सुरक्षेची सोय आहे का हे तपासणाऱ्या छोट्या कोडमध्ये एक सुटा ठिपका सापडला. त्या ठिपक्यामुळे तो कोड कधीच कंपाइल होत नव्हता, आणि सुरक्षेची ती सोय मुकाट बंद राहत होती. बिल्ड फाइलमधला बदलही सी कोडइतक्याच बारकाईने रिव्ह्यू करा.

जुन्या टूलवरून नव्यावर जायचं असेल तर दोन्ही काही काळ शेजारी चालू द्या. पोस्टग्रेसक्यूएलने १६ व्या आवृत्तीत मेसन आणलं तेव्हा ऑटोकॉन्फ काढलं नाही. दोन्हींनी वेगवेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा, फाइल्सच्या याद्या काढा आणि डिफने ताडा. पीकेजी-कॉन्फिगची पीसी फाइल (इतर प्रकल्पांना लायब्ररी शोधायला लागते ती), मॅन पेज आणि शेअर्ड लायब्ररीचा आवृत्ती क्रमांक, या तीन गोष्टी सगळ्यात आधी तपासा.